मुलांची पोटगी: अर्ज, शपथपत्र आणि वसुली, पायरी पायरीने

घटस्फोट झाल्याशिवाय पोटगी मागता येत नाही, ही समजूत फार पक्की आहे आणि ती चूक आहे. नवरा-बायको नुसते वेगळे राहत असतील, घटस्फोटाचा अर्जसुद्धा कुणी केला नसेल, तरी मुलासाठी पोटगी मागता येते. पोटगी साधारणपणे अर्ज दाखल झाल्याच्या तारखेपासून मिळते, वेगळं झाल्याच्या तारखेपासून नाही. ‘बघू, कदाचित जमेल’ म्हणत दीड वर्ष गेलं, तर त्या दीड वर्षाची फी, औषधं आणि किराणा बहुतेक तुमच्याच खिशातून गेला असं समजा.

खालची माहिती मुख्यतः ज्याच्याकडे मूल राहतं त्या पालकासाठी आहे. बहुतेक प्रकरणांत ती आई असते, म्हणून उदाहरणं तशी घेतली आहेत. पोटगी देणाऱ्यासाठी एक स्वतंत्र भाग शेवटाकडे आहे, तोही दोघांनी वाचावा.

१. कोणत्या कायद्याखाली मागायचं ते ठरवा

रस्ते चार आहेत. एकाच वेळी दोन रस्ते धरता येतात, पण पैसे दुप्पट मिळत नाहीत. एका कोर्टाने दिलेली रक्कम दुसरं कोर्ट वजा करतं.

*भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४.* १ जुलै २०२४ पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं, आणि कोर्टाच्या आवारात अजून सगळे ‘एकशे पंचवीस’च म्हणतात. धर्म कोणताही असो, हे लागू होतं. गोव्यात कौटुंबिक बाबींचा नागरी कायदा वेगळा आहे, तरी हे कलम तिथेही चालतं. आईवडिलांचं लग्न झालेलं नसलं तरी मुलाचा हक्क शाबूत असतो. मुस्लिम आईवडिलांच्या मुलांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली नूर सबा खातून प्रकरणात स्पष्ट केलं की आईच्या तलाकनंतरच्या हक्कांचा कायदा वेगळा असला तरी मुलांचा या कलमाखालचा हक्क कमी होत नाही.

*हिंदू विवाह कायद्याचं कलम २६.* घटस्फोटाचा, नांदायला येण्याचा किंवा तसा दुसरा अर्ज आधीच चालू असेल तर त्यातच मुलाचा खर्च मागायचा. इथे एक नेहमीचा घोटाळा होतो. कलम २४ खाली फक्त पती किंवा पत्नीच्या अंतरिम (निकाल लागेपर्यंतच्या) पोटगीचा अर्ज दिला जातो आणि मुलाचा कलम २६ चा अर्ज राहून जातो. वकिलांना दोन्ही कलमं स्पष्ट लिहायला सांगा. विशेष विवाह कायद्याखाली (नोंदणी विवाह) हीच तरतूद कलम ३८ मध्ये आहे.

*हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६, कलम २०.* इथे जबाबदारी बापाइतकीच आईवरही आहे. मूल बापाकडे असेल आणि आई कमावती असेल, तर बापाला याच कलमाचा आधार घेता येतो. अविवाहित मुलीसाठी तर हा कायदा फार महत्त्वाचा. तो भाग शेवटी येईल.

*कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा, २००५.* मारहाण, छळ, घराबाहेर काढणं, पैसे रोखून धरणं यांपैकी काही घडलं असेल तर कलम १२ चा अर्ज करून कलम २० खाली स्वतःचा आणि मुलांचा खर्च मागता येतो. राहण्याच्या हक्काचा आणि संरक्षणाचा आदेशही त्याच अर्जात मिळू शकतो. पगारातली रक्कम थेट अर्जदाराला द्यावी, असा आदेश मालकाला देण्याची सोय या कायद्यात आहे, ती बऱ्याच जणींना माहीत नसते. हा अर्ज मात्र फक्त स्त्रीलाच करता येतो.

दुसऱ्या प्रकरणाची माहिती लपवू नका. आधीच्या अर्जाचा आणि आदेशाचा उल्लेख करणं बंधनकारक आहे, आणि लपवलेलं बाहेर आलं की तुमच्या बाकीच्या म्हणण्यावरचा विश्वासही जातो.

२. कोर्ट कुठलं?

मुंबईत वांद्र्याला, शिवाय पुणे, नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर अशा मोठ्या शहरांत कौटुंबिक न्यायालय आहे. तिथे कलम १४४ चा अर्ज ‘ई’ मालिकेत नोंदला जातो. ‘ए’ म्हणजे घटस्फोट वगैरे, ‘डी’ म्हणजे मुलाचा ताबा. कौटुंबिक न्यायालय नसेल तिथे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे जायचं.

अर्ज करायला सासरच्या गावी जावं लागत नाही. पत्नी सध्या जिथे राहते तिथल्या कोर्टात अर्ज चालतो. माहेरी राहत असाल तर माहेरच्या तालुक्याचं कोर्ट. पत्ता दाखवायला आधार कार्ड बदललेलंच हवं असं नाही. मुलाच्या तिथल्या शाळेचं बोनाफाइड, भाडेकरार किंवा गॅसचं पुस्तकही उपयोगी पडतं.

पैशांची अडचण असेल तर तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया आणि मुलं यांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००. पोटगीच्या प्रकरणात महाराष्ट्रात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे, त्यामुळे ‘स्टॅम्पचे’ म्हणून कुणी मोठी रक्कम मागत असेल तर कशासाठी ते विचारा आणि पावती घ्या. कौटुंबिक न्यायालयात वकील देणं सक्तीचं नाही, स्वतःची बाजू स्वतः मांडता येते.

३. कागदांची पिशवी

प्रत्येक कागदाच्या तीन-तीन झेरॉक्स आणि मूळ प्रत वेगळी. मूळ प्रत कोर्टाने मागितल्याशिवाय हातातून सोडू नका.

- मुलाचा जन्मदाखला. वडिलांचं नाव चुकलं असेल तर आधी दुरुस्ती करून घ्या
- लग्नाचा दाखला; नसेल तर पत्रिका, फोटो, रेशनकार्ड
- शाळेचं बोनाफाइड, चालू आणि मागच्या वर्षाच्या फीच्या पावत्या, फीचं वेळापत्रक
- व्हॅन, शिकवणी, वह्या-पुस्तकं, गणवेश यांच्या पावत्या
- दवाखाना आणि औषधांची बिलं, चालू उपचार असतील तर डॉक्टरांचं पत्र
- भाडेकरार, वीजबिल
- तुमची पगारपत्रकं, आयकर विवरण, सगळ्या खात्यांची तीन वर्षांची स्टेटमेंट
- समोरच्याच्या उत्पन्नाचं जे काही हाती असेल ते
- त्याने मुलासाठी पैसे पाठवले किंवा थांबवले ते दाखवणाऱ्या नोंदी आणि मेसेज

व्हॅनवाले आणि शिकवणीचे सर पावती देत नाहीत, ही तक्रार नेहमीची. त्यावर उपाय सोपा आहे: आजपासून त्यांना रोख देणं बंद करा. यूपीआयने पाठवा आणि शेऱ्यात ‘व्हॅन, जुलै’ असं लिहा. सहा महिन्यांत तुमचं खातंच पुरावा बनतं.

४. मुलाच्या खर्चाचा तक्ता बनवा

इथे वेळ घाला. ‘मुलासाठी १५ हजार मिळावेत’ एवढंच लिहिलेला अर्ज न्यायाधीशांना काहीच सांगत नाही. १५ कशाचे, हे दिसायला हवं. समजा मूल चौथीत आहे आणि आईसोबत भाड्याच्या घरात राहतं:

- शाळेची फी, वर्षाला ४२,०००: महिन्याला ३,५००
- व्हॅन, दरमहा १,५०० पण दहाच महिने: वर्षाच्या हिशेबाने १,२५०
- पुस्तकं, गणवेश, बूट, दप्तर, वर्षाला ९,०००: ७५०
- शिकवणी: १,५००
- किराणा, दूध, फळं, गॅस यांतला मुलाचा वाटा: ४,५००
- घरभाडं ९,०००, राहणारे दोघे, मुलाचा निम्मा वाटा: ४,५००
- डॉक्टर, औषधं, चष्मा, वर्षाला १२,०००: १,०००
- कपडे, सण, सहल, वर्षाला १२,०००: १,०००

एकूण १८,००० रुपये. सुरुवातीला सुचणारी रक्कम यापेक्षा बरीच कमी असते, कारण जूनमध्ये एकदम जाणारा खर्च महिन्याच्या हिशेबात धरायचा राहतो आणि घरभाड्यातला मुलाचा वाटा तर कुणाच्या लक्षातच येत नाही.

आता वाटणी. बापाचा हातात येणारा पगार ६०,००० आणि आईचा ३०,००० असेल, तर प्रमाण दोनास एक. बापाचे १२,०००, आईचे ६,०००. कमावत्या आईवडिलांनी मुलाचा खर्च दोनास एक या प्रमाणात उचलावा, असं सर्वोच्च न्यायालयाने पद्मजा शर्मा प्रकरणात २००० साली सांगितलं होतं. ते प्रमाण त्या दोघांच्या पगारावरून आलेलं होतं; तुमचं प्रमाण तुमच्या आकड्यांवरून निघेल. आईला उत्पन्न नसेल तर खर्च साधारणपणे बापाकडेच जातो. मुलाला रोज उठवणं, डबा, अभ्यास, आजारपणात रजा काढणं याचा हिशेब कुठल्याच तक्त्यात येत नाही, पण युक्तिवादात तो मुद्दा जरूर मांडावा.

‘पगाराच्या पंचवीस टक्के मिळतातच’ असं ऐकायला मिळतं. तो आकडा सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या एका निकालातून आलेला आहे आणि तो पत्नीच्या पोटगीबद्दल होता. मुलांसाठी कुठल्याही कायद्यात ठरलेली टक्केवारी नाही.

तक्ता फुगवू नका. स्केटिंग, गिटार, कोडिंग असे तीन क्लास लावलेले दाखवले आणि एकाचीही पावती नसली, तर उलटतपासणीत खऱ्या खर्चावरही संशय येतो. शिकवणी आणि पूरक शिक्षणाचा खर्च कोर्ट धरतं, पण तो वाजवी असावा लागतो.

५. समोरच्याचं उत्पन्न शोधा

‘माझी नोकरी गेली’, ‘धंदा बसला’, ‘शेती वडिलांच्या नावावर आहे’. ही तीन उत्तरं येणार, असं धरूनच तयारी करा.

*नोकरदार:* कंपनीचं पूर्ण नाव, शाखेचा पत्ता, हुद्दा. जुनी पगारपत्रकं, फॉर्म सोळा, कर्जासाठी दिलेले कागद घरात राहिले असतील तर ते. गृहकर्जाच्या अर्जात माणूस आपलं उत्पन्न कमी सांगत नाही.

*शेतकरी:* सातबारा आणि आठ-अ कुणालाही ऑनलाइन पाहता येतात. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. पण नुसता सातबारा उत्पन्न सांगत नाही. पिकाची नोंद पाहा, ऊस असेल तर कोणत्या कारखान्याला जातो ते लिहा, आणि कारखान्याकडचं ऊसबिल, दूध संस्थेची पंधरवड्याची बिलं मागवण्याचा अर्ज द्या.

*व्यावसायिक:* दुकानाचा परवाना, जीएसटी क्रमांक, दुकानाच्या पाटीचा फोटो. कंपनीत संचालक असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर दिसतं. फ्लॅट-जमिनीच्या खरेदीसाठी नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर सूची क्रमांक दोन (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) शोधा. अर्ज दाखल झाल्यानंतर भावाच्या नावावर झालेलं बक्षीसपत्र तिथेच सापडतं.

धडधाकट माणसाने ‘मला उत्पन्नच नाही’ म्हटलं म्हणून सुटका होत नाही. अंगमेहनत करूनही बायको-मुलांना पोसणं हे त्याचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने अंजू गर्ग प्रकरणात २०२२ साली पुन्हा सांगितलं.

एक सावधगिरी. त्याचा मोबाइल उघडून, पासवर्ड वापरून बँकेची माहिती काढू नका. माहिती कोर्टामार्फत मागवण्याचा रस्ता आहे, तो वापरा.

६. अर्ज कसा लिहायचा

मुलाला स्वतंत्र अर्जदार करा: ‘अर्जदार क्रमांक २, अज्ञान, तर्फे पालनकर्ती आई’. आणि विनंतीत प्रत्येक मुलाची रक्कम वेगळी मागा. ‘अर्जदारांना दरमहा २५,०००’ अशी एकत्र रक्कम कधीच नको. पत्नीची पोटगी काही कारणांनी नाकारली जाऊ शकते, ती कमावती असेल तर कमी होऊ शकते, तिने पुन्हा लग्न केलं तर थांबू शकते. ती कारणं मुलाला लागू होत नाहीत. रक्कम वेगळी असेल तर आईच्या बाबतीत काहीही झालं तरी मुलाचा आकडा जागेवर राहतो.

अर्जासोबत तीन गोष्टी एकाच दिवशी दाखल करा: मुख्य अर्ज, अंतरिम पोटगीचा अर्ज आणि मालमत्ता-दायित्वांचं शपथपत्र. हे शपथपत्र सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून सगळीकडे सक्तीचं आहे. (नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात सुरू झालेलं हे प्रकरण. २०१५ साली झालेल्या अंतरिम आदेशाचा वाद दिल्लीपर्यंत गेला.) नमुना निकालाला जोडलेला आहे: शेतीवर अवलंबून नसणाऱ्यांसाठी एक, शेतकऱ्यांसाठी दुसरा. बरोबर नमुना घ्या.

शपथपत्र भरताना रकाना रिकामा सोडू नका. लागू नसेल तर ‘लागू नाही’ लिहा. तुमचं स्वतःचं उत्पन्न, सोनं, आईवडिलांनी दिलेली मुदत ठेव, सगळं लिहा. शिकवणी घेऊन महिन्याला आठ हजार मिळत असतील आणि तुम्ही ‘उत्पन्न शून्य’ लिहिलंत, तर समोरचा वकील तेवढ्याच धाग्यावर सगळं प्रकरण उसवतो. खोट्या शपथपत्राबद्दल फौजदारी कारवाईही होऊ शकते, आणि ती दोन्ही बाजूंना लागू आहे.

दाखल झाल्यावर सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक मिळतो. तो ई-कोर्ट्सच्या अॅपमध्ये टाका. पुढची तारीख, त्या दिवशी काय झालं, आदेश, सगळं घरी बसून दिसतं.

७. समन्स पोचलं का?

प्रकरणं सगळ्यात जास्त इथे रखडतात. बेलिफ पत्त्यावर जातो, ‘इसम मिळून आला नाही’ असा शेरा येतो, तारीख पडते, पुन्हा समन्स, पुन्हा तोच शेरा. असे आठ महिने सहज जातात.

म्हणून अर्जातच सगळे पत्ते द्या: घर, आईवडिलांचं घर, कार्यालय, शिवाय मोबाइल आणि ईमेल. शेरा आला की पुढच्या तारखेची वाट न बघता दुसऱ्या पत्त्यावर समन्स काढण्याचा, दारावर चिकटवण्याचा किंवा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने बजावण्याचा अर्ज द्या. तो मुद्दाम टाळतोय असं कोर्टाला पटलं तर प्रकरण एकतर्फी चालतं. एकतर्फी आदेश मात्र पुरेसं कारण दाखवून तीन महिन्यांत रद्द करून घेता येतो, त्यामुळे बजावणीच्या नोंदी पक्क्या असू द्या.

तो हजर झाला की त्याला म्हणणं आणि शपथपत्र देण्यासाठी जास्तीत जास्त चार आठवडे. ‘वकील बदललेत’, ‘कागद मिळाले नाहीत’ अशा मुदती दोनदाच मिळाव्यात असं रजनेश निकालात म्हटलं आहे. तिसऱ्यांदा मुदत मागितली तर हे शब्द न्यायाधीशांच्या नजरेला आणून द्या.

८. समुपदेशन आणि तडजोड

कौटुंबिक न्यायालयात प्रकरण समुपदेशकांकडे जातं. तिथे जा, शांत बसा, मुलाच्या खर्चाचा तक्ता घेऊन जा. मुलाच्या पोटगीवर तडजोड होत असेल तर ती बहुधा चांगलीच, कारण स्वतः कबूल केलेली रक्कम माणूस जास्त नियमित भरतो.

पण तडजोडनाम्यात हे मुद्दे नसतील तर सही करू नका: रक्कम, महिन्याची तारीख, कोणत्या खात्यात, दरवर्षी किती टक्के वाढ, शाळेची फी यात धरली आहे की वेगळी, मोठं आजारपण आणि शस्त्रक्रियेचा खर्च कोणी किती, बारावीनंतरच्या शिक्षणाचा खर्च, आणि हप्ता चुकला तर काय. वाढीचं कलम नसेल तर पहिलीतल्या मुलासाठी ठरलेले पाच हजार दहावीतही पाचच राहतात.

स्टॅम्पपेपरवर नोटरी करून लिहिलेली ‘फारकत’ गावोगाव चालते. त्यात ‘मुलाच्या खर्चाची कसलीही मागणी करणार नाही’ अशी ओळ असते. हक्क मुलाचा आहे, आईला तो सोडून देता येत नाही. अशी ओळ कुणी लिहून घेतली असेल तरी अर्ज करता येतो. ‘एकरकमी पाच लाख घे आणि विषय संपव’ हेही तसंच. ते पैसे कशाचे होते आणि मुलाच्या नावावर किती ठेवले, हे कोर्ट विचारतं.

९. अंतरिम आदेश

अंतरिम अर्जावर साक्षीपुरावा होत नाही. दोघांची शपथपत्रं आणि कागद बघून आदेश होतो. कायदा म्हणतो, नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत. रजनेश निकाल शपथपत्रं दाखल झाल्यापासून चार ते सहा महिने धरतो. प्रत्यक्षात काय होतं ते तुमच्या कोर्टाच्या बोर्डावर, म्हणजे रोजच्या प्रकरणांच्या यादीवर अवलंबून.

आदेशाच्या दिवशी नकलेसाठी अर्ज द्या आणि त्यात पाच गोष्टी तपासा: मुलाची रक्कम वेगळी आहे का, कोणत्या तारखेपासून, मागची बाकी किती हप्त्यांत, दरमहा कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या खात्यात. अर्ज १० जून २०२४ चा आणि आदेश १० मार्च २०२५ ला दरमहा ८,०००चा झाला, तर पहिल्याच दिवशी नऊ महिन्यांचे ७२,००० येणं असतात. ही बाकी आपोआप येत नाही, तिच्यामागे लागावं लागतं.

१०. वसुली

आदेश मिळाला म्हणजे पैसे मिळाले, असं होत नाही. हप्ता थकला की वसुली अर्ज, म्हणजे वेगळा अर्ज आणि वेगळा नंबर. सोबत आदेशाची नक्कल, महिन्यावार तक्ता (देय, आलेले, बाकी) आणि बँकेचं स्टेटमेंट.

इथला सर्वांत मोठा सापळा एक वर्षाचा. कलम १४४ खाली थकलेल्या रकमेसाठी वॉरंट हवं असेल तर ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज लागतो. जानेवारी २०२५ चा हप्ता थकला तर जानेवारी २०२६ उजाडायच्या आत अर्ज आत हवा. ‘मोठी रक्कम साठू दे, मग एकदम करू’ हा सल्ला ऐकू नका. दर चार-सहा महिन्यांनी अर्ज टाका.

आधी जप्तीचं वॉरंट निघतं, तरी भरलं नाही तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद. तुरुंगात गेला म्हणून कर्ज फिटत नाही. रक्कम तशीच बाकी राहते, हे सर्वोच्च न्यायालयाने कुलदीप कौर प्रकरणात १९८९ सालीच सांगितलं आहे.

पगारदार माणसाच्या बाबतीत पगार जप्ती जास्त कामाची. साध्या कर्जाच्या वसुलीपेक्षा पोटगीच्या हुकूमनाम्यात (दिवाणी कोर्टाच्या आदेशात) कायदा जास्त मोकळीक देतो: पगाराचा एक तृतीयांश भाग सुरक्षित, उरलेल्यातून जप्ती होऊ शकते. सरकारी नोकर असेल तर त्याच्या कार्यालयातल्या आहरण व संवितरण अधिकाऱ्याचा, म्हणजे पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याचा पत्ता लागतो. खाजगी कंपनी असेल तर पगार काढणाऱ्या विभागाचा. नोकरी बदलली की नवा पत्ता ताबडतोब कोर्टात द्या.

बाप परदेशात असेल तर भारतीय दिवाणी हुकूमनामा तिथे बजावता येतो का, हे देशावर अवलंबून आहे. संयुक्त अरब अमिराती, सिंगापूर, ब्रिटन यांच्याशी दिवाणी हुकूमनाम्यांबाबत परस्पर व्यवस्था आहे. अमेरिकेशी नाही, तिथे स्थानिक कोर्टातच जावं लागतं. इथे त्याच्या नावावर फ्लॅट किंवा वडिलोपार्जित हिस्सा असेल तर आधी तो गाठा.

११. पोटगी देणाऱ्यासाठी

रोख देऊ नका, सासऱ्यांच्या हातात तर मुळीच नाही. बँकेतून पाठवा, शेऱ्यात ‘पोटगी, ऑगस्ट’ लिहा. आदेशात पोटगी ८,००० असेल आणि तुम्ही शाळेत परस्पर २०,००० फी भरलीत, तर ती आपोआप वळती होत नाही. सायकल, मोबाइल, वाढदिवसाचा केक यांचं तर नावच नको. फी थेट भरायची असेल तर तसा आदेश आधी करून घ्या.

नोकरी गेली, पगार घटला, तर कलम १४६ खाली रक्कम कमी करण्याचा अर्ज लगेच करा. अर्ज न करता भरणं थांबवलंत तर बाकी जुन्याच दराने चढत राहते. घराचा हप्ता, वैयक्तिक कर्ज, पीएफमध्ये स्वेच्छेने वाढवलेली कपात ही कारणं फार चालत नाहीत. दिवाळखोरी जाहीर झाली तरी पोटगीचं देणं माफ होत नाही.

मूल भेटू देत नाहीत म्हणून पैसे थांबवणं आणि पैसे देत नाही म्हणून भेट थांबवणं, दोन्ही चूक. भेटीचा अर्ज वेगळा असतो. तो करा, आणि पोटगीच्या पावत्या त्यालाच जोडा. भेटीच्या अर्जात त्यांच्याइतकं चांगलं शिफारसपत्र नाही.

१२. वाढ आणि अठरावं वर्ष

शाळा बदलली, माध्यमिक सुरू झालं, आजार निघाला, समोरच्याला बढती मिळाली, की कलम १४६ खाली वाढीचा अर्ज करता येतो. महागाई वाढली एवढंच लिहू नका. जुना तक्ता आणि नवा तक्ता शेजारी शेजारी लावा.

कलम १४४ खालचा मुलाचा हक्क साधारण अठराव्या वर्षी संपतो. शारीरिक किंवा मानसिक अपंगत्वामुळे मूल स्वतःला पोसू शकत नसेल तर पुढेही चालू राहतो (विवाहित मुलगी सोडून). अविवाहित हिंदू मुलगी स्वतःच्या कमाईतून भागवू शकत नसेल तर तिला १९५६ च्या कायद्याच्या कलम २० खाली लग्न होईपर्यंत मागता येतं. अभिलाषा विरुद्ध प्रकाश या २०२० च्या निकालाने हे दोन कायदे आणि त्यांतला फरक स्पष्ट केला. मुलीचा सतरावा वाढदिवस झाला की तो अर्ज तयार करायला घ्या, म्हणजे अठराव्यानंतर मध्ये खंड पडणार नाही. मुलाच्या इंजिनिअरिंगच्या किंवा आयटीआयच्या खर्चासाठी असा सरळ रस्ता नाही. त्याची तरतूद करायची जागा म्हणजे आठव्या पायरीवरचा तडजोडनामा. तिथे ‘शिक्षण पूर्ण होईपर्यंत’ एवढंच लिहू नका. अभ्यासक्रम, वर्षं आणि खर्चाचा वाटा, तिन्ही लिहून घ्या.